वॅटआबांचा दुसरा बैल

आबा माणसं वॅटमध्ये मोजायचे. नवा पाहुणा ओट्यावर येऊन बसला की ते आधी त्याच्याकडे डोळे बारीक करून पाहत, दोन-चार वाक्यं बोलू देत आणि मग तोंडावरच आकडा सांगत. आमच्या रनाळ्यातल्या एका पुढाऱ्याला भर पारावर म्हणाले होते, "शंभर वॅटना बल्ब. नुसता तपस, उजेड काहीच नही." स्वतःच्या पुतण्याला म्हणाले, "याले फ्रीजइतकं लागस, आनि थंड काहीच करत नही." गावाने त्यांचं नाव वॅटआबा ठेवलं. ते वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले होते. उजव्या तळव्यावर जुन्या शॉकचा काळा डाग होता आणि त्या तळव्याला गरम-थंड कळत नव्हतं. म्हणून कुठलीही वस्तू तापली आहे का, हे ते गालाने पाहत.

मला ते झिरोचा बल्ब म्हणायचे. "देवघरमा चाले. बाहेर कोनले दिसाव नही." मी त्यांच्या शेजारच्या घरातली. घरात पहिली दहावी झालेली, पहिली कॉलेजात गेलेली, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडणारी. एकदा मी धीर करून म्हटलं, "आबा, झिरो म्हणजे काहीच लागत नाही ना? मग स्वस्तच आहे की." ते हसले नाहीत. म्हणाले, "कोन सांगं तुले? नावले झिरो. खास पंधरा वॅट." जुने झिरोचे बल्ब खरंच तेवढी वीज खात, हे मला नंतर कॉलेजात कळलं.

त्यांचं बोलणं लागायचं. माझे वडील गेले तेव्हा मी बारावीला होते. दहाव्या दिवशी माय भिंतीला टेकून रडत होती. बायका समजूत घालत होत्या. आबा दारात उभे राहिले आणि म्हणाले, "रडाले बी वॅट लागतस. पोरले शिकाडाले ठेव थोडं." बायकांनी त्यांना बाहेर काढलं. मायने मात्र पदराने तोंड पुसलं. पुढच्या महिन्यात माझा कॉलेजचा फॉर्म भरायला तीच आबांना घेऊन नंदुरबारला गेली.

त्यांची बायको जिजी. ती गायची. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावर, कानबाई देवीपुढे, नाहीतर नुसती भाकरी थापताना. आबांना ते कधी आवडलं नाही, निदान तसं त्यांनी कधी दाखवलं नाही. "साठ वॅटना गळा, चार वॅटनं गानं," असं ते ओट्यावरून ओरडत. जिजी आणखी मोठ्याने गाई. एका श्रावणात त्यांच्या भाचीने कानबाईची अकरा गाणी मोबाईलवर टिपून घेतली. शेवटचं गाणं अर्ध्यावर आहे, कारण मध्येच आबांचा आवाज येतो, "बंद कर व तुन्हा भोंगा." त्यावर जिजी हसते आणि तिथे ते संपतं. पुढच्या वर्षी जिजी गेली.

ती गेल्यावर आबांनी डबा बनवला.

मी तेव्हा बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाला होते. एका रविवारी त्यांनी मला हाक मारली. ओट्यावर बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या भंगारातला एक छोटा लॅपटॉप पडला होता, पडदा फुटलेला. शेजारी दोन जुन्या हार्ड डिस्क. आबा म्हणाले, "हाऊ चोवीस तास चालू पाहिजे. लाईट गई तरी. आनि खावाले कमी पाहिजे." मी विचारलं, "कशासाठी?" त्यांनी भाचीचा मोबाईल दाखवला. त्याची काच तडकली होती, बॅटरी फुगली होती. "ह्यामा जिजी शे," ते म्हणाले, "आनि हाऊ आते मराव शे."

आम्ही तीन रविवार बसलो. त्यांनी फुटका पडदा काढला, कीबोर्ड काढला, पंखा काढला, आणि प्रत्येक गोष्ट काढली की मीटर लावून पाहिलं. अकरा वॅट. नऊ. साडेसहा. साडेसहावर ते थांबले आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून कौतुक ऐकलं, तेही यंत्राचं. "तुन्हापेक्षा कमी खास." छपरावर एक लहान सोलर प्लेट आणि मोटरसायकलची बॅटरी लावली. संगणक चालवणारी, फुकट मिळणारी एक प्रणाली मी कॉलेजातून उतरवून आणली. तिच्या सूचना इंग्रजीत होत्या. मी एकेक ओळ वाचायची, अर्थ सांगायचा, आणि चुकले की बोलणी खायची. "इंग्रजी तुन्हं, वायर मन्ही," असा आमचा करार होता.

खोका म्हणून त्यांनी जिजीचा पिठाचा डबा घेतला. स्टीलचा, मोठा, बाजूला ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव कोरलेला. भोकं पाडायला ते तयार नव्हते, म्हणून वायरी काठावरून आत सोडल्या आणि झाकण म्हणून पिठाची चाळण पालथी ठेवली. उष्णता चाळणीतून निघून जाई. वायफाय जोडलं आणि आमच्या गल्लीतला कुणीही आपल्या मोबाईलवरून त्या डब्यात फोटो ठेवू लागला. लग्नं, बारशी, एका म्हशीचे सात फोटो. दुपारी जेवण झालं की आबा डब्याला गाल लावून बसत. तापला का ते पाहतात, असं मला वाटे. मग कळलं, ते डिस्कची घरघर ऐकत. त्यानंतर आपल्या मोबाईलवर डब्यातली जिजीची अकरा गाणी लावत; भाचीचा मोबाईल एव्हाना कायमचा बंद पडला होता. अकरावं आलं की मी निघून जाई. "बंद कर व तुन्हा भोंगा" ऐकताना त्यांच्याकडे बघवत नसे.

मी त्यात माझ्या वडिलांचा व्हिडिओ ठेवला. एकच आहे. एकोणीस सेकंदांचा. नवा मोबाईल तपासायला मी तो काढला होता. वडील बाजेवर बसलेत, अंगात फाटकी बनियन, आणि म्हणतात, "ठेव व तो मोबाईल. मन्हाकडे काय दखी ऱ्हायनी? पुस्तककडे दख." मग हात पुढे येतो आणि अंधार होतो. मायला मोबाईल कळत नाही, पण वडिलांची घागर भरायच्या दिवशी, अखाजीला, ती माझ्याजवळ येऊन बसे आणि म्हणे, "लाव ना एकदाव."

आबांनी मला त्या डब्याचा एकच नियम शिकवला. "एक बैलनी जोडी व्हत नही, पोरी." म्हणून डिस्क दोन. पहिली डब्यात कायम चालू. दुसरी दर अवसेला जोडायची, सगळं तिच्यावर उतरवायचं, काढून फडक्यात गुंडाळायची आणि आमच्या घरी वडिलांच्या लोखंडी पेटीत ठेवायची. मी म्हटलं, दोन्ही डब्यातच ठेवल्या तर सोपं पडेल. ते भडकले. "दोन्ही बैल एकच गोठामा बांधा नि गोठा पेटना, मंग काय औत तू वढशी?" ती डिस्क द्यायला ते स्वतः येत, चप्पल दाराबाहेर काढत, आणि पेटी बंद झालेली पाहूनच जात. त्यांनी गावात दुसऱ्या कुणावर कशासाठी विश्वास ठेवलेला मला आठवत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी मलाच विचारून घेतली होती आणि मग मलाच शिकवल्यासारखी सांगत. डिस्कवरचं पुसलं तरी ते लगेच जात नाही. जागा मोकळी आहे एवढीच खूण होते, खाली सगळं तसंच असतं. त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं, तरच ते जातं. आबांच्या भाषेत, "पुसं म्हंजे जात नही. वर दुसरं पेरं म्हंजे जास."

आता जे लिहायचं आहे ते मी पुष्कळदा लिहून खोडलं आहे.

दुसऱ्या वर्षी मी नंदुरबारला वसतिगृहात राहायला गेले. तिथे सगळ्या माझा मोबाईल हातात घेत, फोटो चाळत. एकीने वडिलांचा व्हिडिओ लावला आणि हसली. वाईट मनाने नाही, बोली ऐकून हसली. "पुस्तककडे दख," असं ती दोन दिवस मला म्हणत होती. मी तो मोबाईलमधून काढून टाकला. आबांच्या डब्यात आहे, पेटीतल्या डिस्कमध्ये आहे, असं मनाला सांगितलं. खरं कारण ती फाटकी बनियन होती.

आषाढ अवसेनंतर कॉलेजात नव्या मुलांसाठी विभागाचं प्रदर्शन होतं. सरांनी विचारलं, कोण काय दाखवणार? मी पहिल्यांदा हात वर केला. घरच्या घरी, भंगारातून, कमी विजेवर चालणारा साठवणीचा डबा. सर खूश झाले. प्रयोगशाळेतला एक लहान संगणक-बोर्ड त्यांनी दिला. डिस्क माझ्याकडे नव्हती. मी गावी गेले आणि वडिलांच्या पेटीतून आबांची दुसरी डिस्क काढली. माय म्हणाली, "आबाले इचारं का?" मी हो म्हटलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, सुरुवातीपासून करून दाखव. डिस्क जोडली की यंत्र विचारतं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी थांबले. मग वाटलं, पहिली डिस्क डब्यात आहेच. पुढच्या अवसेला पुन्हा उतरवून घेऊ, कुणाला कळणारही नाही. चालेल, असं दाबलं. रिकामी डिस्क दाखवायला बरी दिसेना, म्हणून तिच्यावर कॉलेजची व्याख्यानं आणि चित्रफिती भरल्या. काठोकाठ भरल्या.

दुसऱ्या दिवशी आबा आले. मायने सांगितलं असणार. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. गर्दीतून वाट काढत ते थेट माझ्या टेबलापाशी आले. पुठ्ठ्याच्या खोक्यावर माझं नाव छापलं होतं, एकटीचं. ते त्यांनी वाचलं. सरांनी मला विचारलं, "हे कोण?"

मी म्हणाले, "गावातले वायरमन आहेत."

आबा लगेच म्हणाले, "हां साहेब. मी नुसती वायर जोडी. डोकं पोरनं शे."

सर दुसऱ्या टेबलाकडे गेले. आबांनी वाकून डिस्कला गाल लावला. ओळखली. कुठल्याही दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी सालं काढली असती. म्हणाले एवढंच, "गरम नही. बरं शे." मग हळूच, "आपलंच शे ना सम्दं यामा?"

मी होकाराची मान हलवली.

"अवसले लई येजो," अवसेला घेऊन ये, असं म्हणून ते बस स्थानकाकडे गेले. माझ्या प्रदर्शनाला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यानंतर दहा दिवसांच्या आत कानबाई आली. जिजी गेली त्या वर्षी घरात सुतक म्हणून कानबाई बसली नव्हती. मधल्या काळात आबांच्या मुलाचं लग्न झालं, सून आली, आणि तिची ही पहिलीच कानबाई. आमच्याकडे कानबाईच्या आधी घर छपरापासून उंबऱ्यापर्यंत धुतात. भांडं न् भांडं घासतात. त्या शनिवारी आबा बाजाराला धानोऱ्याला गेले होते. सुनेने फडताळ पुसताना डबा पाहिला, नाव वाचलं. नातेवाइकांकडून तिने ऐकलं होतं की कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचं पीठ सासूबाई याच डब्यात ठेवत. तिला वाटलं, देवीचा डबा तारांनी भरून ठेवलाय. सासूबाईंची आठवण म्हणून यंदाचं पीठ त्यातच ठेवू. तिने वायरी अलगद सोडवल्या, आतलं सगळं एका घमेल्यात नीट मांडलं, वर कापड घातलं आणि घमेलं अंगणात भिंतीकडेला ठेवलं. मग तिने पाइप लावून भिंती धुतल्या.

घमेलं पाण्याने काठोकाठ भरलं. तरीही डिस्क वाचली असती. पण मुलाने पाहिलं आणि तो घाबरला. आबा यायच्या आत चालू आहे की नाही पाहू, म्हणून त्याने ती उन्हात तासभर वाळवली आणि जोडली. आत ओल होती. नंतर सुरतेच्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने उघडून दाखवलं, तबकडीवर गोल ओरखडे होते, गहू दळून झाल्यावर जात्यावर असतात तसे.

ते सुरतेचं नंतरचं. त्या शनिवारी आबा घरी आले, घमेल्यात पाहिलं, आणि चप्पलही न काढता पुन्हा बस धरली. दुपारी तीन वाजता वसतिगृहाच्या फाटकावर मला निरोप आला. मी खाली गेले. ते कडुनिंबाखाली उभे होते. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, सुनेचं, मुलाचं, अगदी शांतपणे. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. जोडीतला एक बैल गेला होता, एवढंच.

"दुसरा सोड," ते म्हणाले.

मी सांगितलं. किती वेळ लागला, कोणत्या शब्दांत सांगितलं, आठवत नाही. त्यांनी मध्ये थांबवलं.

"नुसतं पुसं, का वर पेरं?"

"वर पेरं," मी म्हणाले. त्या आवारात मी आमच्या बोलीत बोललेले ते पहिले शब्द.

आबा माझ्याकडे पाहत राहिले. डोळे बारीक झाले. आकडा येणार, असं मला वाटलं. मी वाट पाहत होते. त्यांनी एखादी शिवी दिली असती तर मी आजही तिला धरून राहिले असते. ते फाटकाकडे वळले. तिथे पोचल्यावर थांबून म्हणाले, "नावले झिरो..." आणि पुढचं न बोलताच गेले.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. त्या डब्यातल्या पिठाचेच रोट झाले. रोट भाऊबंदांनीच खायचे असतात आणि संपेपर्यंत खायचे असतात, टाकता येत नाहीत. आबांनी ते खाल्ले. सून पाया पडून रडायला लागली तेव्हा तिला म्हणाले, "तुन्ही काही चूक नही. तू नाव वाचं." मुलाशी ते दिवाळीपर्यंत बोलले नाहीत. माझ्याशी बोलायचे. "जेवनी का?" "बस भेटनी का?" असं. त्यात एकही टोमणा नसे. गावात त्यांनी माणसं मोजायचं सोडून दिलं, आणि लोक म्हणू लागले, म्हातारा निवला. लोकांना ते बरं वाटलं.

थंडीत त्यांची छाती भरली. नंदुरबारच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी कॉलेज सुटलं की जाई, स्टुलावर बसे. एका दुपारी खोलीत आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "तुले बापना आवाज याद येस का?"

"येतो."

"माले जिजीना येत नही. गानं येस. आवाज येत नही." त्यांचा श्वास मोजता येत होता. "मन्हाच येस. बंद कर म्हनेल तो."

मला ती अकरा गाणी पाठ होती. इतक्या दुपारी ऐकली होती. मी आयुष्यात कुणापुढे गायले नव्हते, पण मला वाटलं, एवढं तरी मी त्यांना देऊ शकते. मी स्टूल जवळ ओढलं, घसा साफ केला आणि पहिली ओळ उचलली.

आबांनी तो काळा डाग असलेला तळवा माझ्या तोंडासमोर धरला.

"गाऊ नको," ते म्हणाले. "तुन्हा आवाज तिन्हा जागावर बठी जाई."

चार दिवसांनी ते गेले. डबा आता सुनेच्या स्वयंपाकघरात आहे, पिठाने भरलेला. चाळणही तिथेच टांगली आहे.

यंदाच्या अखाजीला वडिलांची घागर भरून झाली आणि माय नेहमीसारखी माझ्याजवळ येऊन बसली. "आबाना दुसरा बैलमा शे ना तो? लाव ना एकदाव." मी तिला तोपर्यंत काहीच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तिने घागरीवरचं खरबूज उगाच नीट केलं. मग तिला हसू आलं, आणि मान तिरपी करून, हात पुढे करून ती म्हणाली, "ठेव व तो मोबाईल. मन्हाकडे काय दखी ऱ्हायनी? पुस्तककडे दख."

हुबेहूब म्हणाली. तेवढाच राग, तेवढंच हसू.

त्या दिवसापासून मला ते वाक्य मायच्याच आवाजात ऐकू येतं. आठवणीत त्याच्या खाली जाऊन वडिलांचा आवाज शोधते, तर तिथेही मायच असते. आबांनी मला थांबवलं होतं. मायला थांबवायचं मला सुचलं नाही.